कोकणात खमंग रेड वाइन: बाटली निवडण्यापासून ताटापर्यंत

रेड वाइन म्हटलं की बऱ्याच जणांना गडद जांभळी, जिभेला जड आणि जराशी गोडसर वाइन आठवते. खमंग रेड तशी नसते. फळाचा वास तिलाही असतो, पण त्याच्या पुढे येतात मिरी, वाळलेला पाला, कातडं, भिजलेली माती. घोट गिळल्यावर तोंड गोड होत नाही, तोंडाला पाणी सुटतं आणि पुढचा घास घ्यावासा वाटतो. नुसती प्यायला ती कोरडी वाटेल. ती जेवणाचीच वाइन आहे.

छोट्या, घरच्या मळ्यातून येणारी अशी वाइन बहुधा कमी गाळलेली असते आणि तिच्यात सल्फाइट, म्हणजे वाइन टिकवणारं गंधकाचं संयुग, तेही बेतानंच घातलेलं असतं. त्यामुळे वास छान खुलतो, पण बाटली नाजूक होते. कोकणात ती दोन ठिकाणी मार खाते: घरातली उष्णता आणि ताटातलं तिखट. या दोन गोष्टी सांभाळल्या तर मध्यम किमतीची बाटलीही सुंदर लागते. नाही सांभाळल्या तर महागडी बाटली फुकट जाते.

ओळखायची कशी

ग्लासात दोन बोटं वाइन घ्या आणि ग्लास वर्तमानपत्रावर तिरका धरा. वाइनमधून मथळे वाचता येत असतील आणि बारीक अक्षरं जेमतेम दिसत असतील, तर अंगानं ती मध्यम असण्याची शक्यता मोठी. काहीच दिसत नसेल तर बहुधा जड. लेबलवर अल्कोहोल १२.५ ते १३.५ टक्के असावं. १४.५ टक्क्यांची बाटली मालवणी जेवणाशी सहसा जुळत नाही, कारण तिखटानं चाळवलेल्या जिभेवर अल्कोहोल आणखी जाळतं.

मग वास. शिराज या द्राक्षजातीच्या वाइनमध्ये मिरीचा वास येतो ती नुसती उपमा नाही. रोटंडोन नावाचं जे संयुग काळ्या मिरीला तिचा वास देतं, तेच शिराजच्या द्राक्षाच्या सालीतही असतं. वेलीवरून नुकतेच उतरवलेले ओल्या मिरीचे घोस चुरडून हुंगले असतील, तर तो वास लगेच सापडेल. सांजोवेसे या इटालियन जातीत आंबट चेरी, वाळलेला टोमॅटो आणि चहाच्या पानाचा वास असतो. टेंप्रानिलो तंबाखू आणि कातड्याकडे झुकते. नाशिककडे शिराज भरपूर होते, टेंप्रानिलोही काही जण लावतात. अकलूजच्या बाजूला सांजोवेसे आहे. परदेशी घ्यायची असेल तर इटलीतली क्यांती, फ्रान्समधल्या उत्तर ऱ्होन खोऱ्यातली सिरा (शिराजचंच मूळ नाव) आणि स्पेनमधली रिओहा ही ठिकाणं लक्षात ठेवा.

तुरटपणा बोंडवावरून तपासा. काजूचं बोंडू चावल्यावर जीभ आणि हिरड्या जशा खरखरीत होतात, तसंच टॅनिन, म्हणजे द्राक्षाच्या साली-बियांतलं तुरट द्रव्य, करतं: लाळेतल्या प्रथिनांना धरतं आणि तोंडातला ओलसरपणा काढून घेतं. पिकलेल्या बोंडवाइतका तुरटपणा चांगला. कच्च्या बोंडवासारखं तोंड आवळलं तर ती वाइन मटणाच्या चरबीशिवाय पिता येणार नाही.

व्हॅनिला आणि नारळाचा वास ठळक येत असेल तर तो ओकच्या पिंपाचा, विशेषतः अमेरिकन ओकचा. तशी बाटली टाळलेली बरी. आपल्या ताटात खोबरं आधीच पुरेसं असतं.

विकत घेताना

दुकानात काचेजवळच्या फळीवर उभी असलेली बाटली घेऊ नका. आतल्या खोक्यातली मागा. बूच गळ्याच्या कडेपेक्षा वर आलेलं आहे का, टोपणाखाली चिकट ओघळ आहे का, वाइनची पातळी शेजारच्या बाटल्यांपेक्षा खाली आहे का, हे तीन पाहा. यातलं एक जरी दिसलं तरी बाटली तापलेली आहे असं समजा. तापल्यावर आतली वाइन फुगते आणि बूच ढकलते. थंड झाल्यावर ती आकसते आणि हवा आत ओढते.

साल बघा. महाराष्ट्रात द्राक्षांची गोडी छाटणी (फळ धरण्यासाठीची छाटणी) सप्टेंबर-ऑक्टोबरात होते आणि वाइनच्या द्राक्षांची तोडणी जानेवारीच्या अखेरपासून मार्चपर्यंत चालते. आपल्याकडच्या मध्यम रेड तोडणीनंतर दोन ते चार वर्षांत सगळ्यात चांगल्या असतात. उष्ण दुकानात सहा-सात वर्षं राहिलेली बाटली ‘जुनी म्हणून चांगली’ समजून घेणं ही नेहमीची चूक आहे.

मळ्यावर जाऊन घेत असाल तर दोन प्रश्न पुरेत. तोडणी किती ब्रिक्सला केली? (ब्रिक्स म्हणजे द्राक्षरसातल्या साखरेचं माप.) २३ ब्रिक्सच्या आसपासचं उत्तर आलं तर वाइन साधारण १३ टक्क्यांची होते. २५ च्या पुढचं उत्तर आलं तर ती जड असणार. दुसरा प्रश्न, गाळून भरली की न गाळता? न गाळता भरली असेल तर पुढे सांगितलेली गाळाची काळजी घ्यावी लागेल.

असे मळे कोकणात का नाहीत, हेही इथेच सांगायला हवं. द्राक्षाला पिकताना कोरडी हवा आणि गार रात्र लागते. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचावर आहे, तिथे थंडीतल्या रात्री द्राक्षातला आंबटपणा टिकवतात. किनाऱ्यावरची दमट हवा वेलीवर केवडा आणि भुरी हे बुरशीचे रोग सुखानं वाढवते. म्हणून कोकणात बाटली घाट उतरूनच येते, आणि खरी जोखीम त्या प्रवासातच असते.

गोव्यात बाटली स्वस्त मिळते हे खरं. पण परवान्याशिवाय ती महाराष्ट्रात आणणं गुन्हा आहे आणि सीमेवर गाड्या तपासतात. इथेच घ्या, पिण्याचा परवानाही काढून ठेवा.

घाट उतरताना

मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीची डिकी इतकी तापते की आतली बाटली दोन-तीन तासांत हाताला चक्क गरम लागते. जेवायला गाडी थांबवली, तासभर उन्हात राहिली, तेवढ्यात वाइनचा मुरंबा होतो. तिला शिजवलेल्या फळाचा वास येतो आणि मिरी, पाला, माती हे सगळे नाजूक वास आधी उडतात. ते परत येत नाहीत.

मासळीसाठी मिळते तशी थर्माकोलची पेटी घ्या, पण नवी कोरी. एकदा मासळी ठेवलेली पेटी कितीही धुतली तरी वास सोडत नाही. तळाला वर्तमानपत्राच्या घड्या, मध्ये बाटल्या, आणि एक लिटरच्या दोन पाण्याच्या बाटल्या गोठवून, कापडात गुंडाळून बाजूला उभ्या. सहा बाटल्यांना एवढं दिवसभर पुरतं. पेटी डिकीत न ठेवता मागच्या सीटच्या पायाशी ठेवा, तिथे एसीची हवा पोचते. घरी आल्यावर आठवडाभर बाटलीला हात लावू नका. प्रवासात ढवळलेला गाळ तेवढ्यात खाली बसतो.

जमलं तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात आणा. गटारीला लागणारी बाटलीही जानेवारीतच आणून ठेवावी.

घरात कुठे ठेवायची

कौलारू घरात माळा ही सगळ्यात वाईट जागा. कौलं दिवसभर तापतात आणि ती ऊब माळ्यावर रात्रीपर्यंत कोंडून राहते. जांभ्याच्या जाड भिंतींचं माजघर, त्यातही उत्तरेकडच्या भिंतीला लागून जमिनीलगतची जागा, घरातली सगळ्यात स्थिर जागा असते. तरी तिथलं तापमान एप्रिल-मे मध्ये २८ च्या खाली क्वचितच जातं. म्हणून माजघर थंडीतल्या दोन-तीन महिन्यांपुरतं ठीक. त्यापुढे फ्रिज.

साध्या फ्रिजमध्ये रेड ठेवू नये असं म्हणतात. कोकणासाठी ते खरं नाही. भाजीच्या कप्प्यात आडवी ठेवलेली बाटली सहा-आठ महिने उत्तम राहते. मुरायची ती हळू मुरते एवढंच. न गाळलेल्या वाइनमध्ये थंडीनं बुचाला किंवा तळाला खडीसाखरेच्या चुऱ्यासारखे कण दिसतील. ते द्राक्षातल्याच टार्टरिक आम्लाचे क्षार असतात, निरुपद्रवी असतात. काचेचे तुकडे समजून बाटली ओतून देऊ नका.

वाइनचा खास छोटा फ्रिज घ्यायचा असेल तर कॉम्प्रेसरवालाच घ्या. कॉम्प्रेसरशिवाय चालणारे स्वस्त फ्रिज बाहेरच्या हवेपेक्षा ठरावीक अंशच खाली जातात, ३४ अंशांच्या दुपारी ते हरतात. पावसात लाईट सारखी येते-जाते, त्यामुळे स्टॅबिलायझर हवाच. खाऱ्या हवेनं मागच्या नळ्या गंजतात, त्या दर महिन्याला कोरड्या फडक्यानं पुसा.

ओलं फडकं गुंडाळून बाटली गार ठेवायची देशावरची युक्ती इथे फसते. पाणी उडून गेलं तरच गारवा येतो, आणि जुलैतल्या ९० टक्के दमट हवेत पाणी उडतच नाही. उलट लेबल सुटतं आणि बुचाच्या डोक्यावर बुरशी येते. अशी बुरशी नुसती वर असेल तर घाबरू नका. ओल्या फडक्यानं पुसून बूच काढा, गळ्याची कड आतून-बाहेरून पुन्हा पुसा, मग ओता. आटेवालं टोपण असेल तर हा प्रश्नच येत नाही. कोकणासाठी आम्ही आटेवाल्या टोपणाची बाटली आधी निवडू.

गारवा मोजून

‘रेड वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी’ ही सूचना युरोपातल्या थंड दगडी घरांसाठी होती. आपली खोली ३० अंशांची. त्या तापमानाला अल्कोहोलचा भपकारा पुढे येतो आणि खमंगपणा मागे दबतो. या वाइनला १५ ते १७ अंश हवेत. ग्लासात ती लवकर तापते, म्हणून ओतताना १४ असली तरी चालेल.

बाटली फ्रिजमध्ये रात्रभर असेल तर जेवणाच्या पाऊण ते एक तास आधी बाहेर काढा. बाहेर असेल तर फ्रिजमध्ये दीड ते दोन तास. घाई असेल तर बादलीत निम्मा बर्फ, निम्मं पाणी घालून बाटली गळ्यापर्यंत बुडवा, दहा मिनिटं पुरतात. नुसत्या बर्फात ठेवली तर जास्त वेळ लागतो, कारण खड्यांमधल्या हवेतून उष्णता लवकर निघत नाही. फ्रीझरमध्ये ठेवून विसरलात तर बूच वर येतं, कधी बाटलीच फुटते.

थर्मामीटर नसेल तर माठ आठवा. बाटली हाताला माठातल्या पाण्यापेक्षा गार लागली पाहिजे, पण फ्रिजच्या पाण्यासारखी झोंबता कामा नये. फार गार झाली तर टॅनिन कडवट लागतं आणि वास मिटतो. तसं झालं तर ग्लास दोन्ही तळव्यांत धरा, चार-पाच मिनिटांत खुलतो.

एका वेळी ग्लासात ८०-९० मिलिलीटरच ओता. बाटलीवर दव धरतं, म्हणून ती सुती पंच्यात गुंडाळून ठेवा. नाहीतर ओल्या हातातून निसटते.

बूच, गाळ आणि वास

न गाळलेली बाटली आदल्या दिवशी उभी करा. दुसऱ्या दिवशी बूच काढून, गळ्यामागे मोबाइलचा टॉर्च धरून, एकाच संथ धारेनं काचेच्या जगमध्ये ओता. गाळाची काळी रेघ गळ्याशी आली की थांबा. शेवटचे ३०-४० मिलिलीटर गेले तरी चालतील, गाळ तोंडात रेतीसारखा लागतो. स्टीलचा स्वच्छ तांब्याही चालतो. तांब्या-पितळेचं भांडं नको, वाइनचं आम्ल धातू सोडवतं.

बूच तुटून आत पडलं तर त्याला ढकलत बसू नका. बारीक जाळीच्या गाळणीतून सगळी वाइन ओतून घ्या. गाळणी चहाची नको, तिला दूध-वेलचीचा वास असतो.

आता सगळ्यात जास्त फसवणारी गोष्ट. पावसाळ्यात घराला स्वतःचाच वास असतो: ओलं गोणपाट, न वाळलेले कपडे, भिजलेलं वर्तमानपत्र. खराब बुचाची वाइन नेमकी अशीच वास मारते. त्यामुळे चांगली बाटली खराब वाटते आणि खराब बाटली कळत नाही. ग्लास घेऊन पडवीत या, दोन मिनिटं मोकळ्या हवेत थांबा आणि मग हुंगा. तिथेही ओल्या पुठ्ठ्याचा वास येत राहिला आणि फळाचा वास जवळपास नसेलच, तर बूच खराब. त्यावर उपाय नाही, बाटली दुकानात परत करा.

बऱ्याचदा दोषी ग्लासच असतो. दमट फडक्यानं पुसलेला, फडताळात पालथा घातलेला, शेजारी सुकटीचा डबा. असा ग्लास रिकामाच हुंगून बघा. गरम पाण्यानं धुवा, सरळ उभा वाळू द्या आणि ओतण्यापूर्वी चमचाभर वाइन आत फिरवून टाकून द्या.

काडेपेटीचा किंवा कुजक्या अंड्याचा वास आला तर तो गंधकाचा. जगमध्ये उंचावरून ओता, पुन्हा बाटलीत, पुन्हा जगमध्ये, आणि वीस मिनिटं थांबा. बहुधा जातो. नेलपॉलिशचा किंवा शिरक्याचा वास मात्र जात नाही.

ताटात काय

मासळीच्या जेवणाला ही बाटली उघडू नका. जपानमधल्या संशोधकांनी २००९ साली दाखवलं की रेड वाइनबरोबर मासळी हिवस लागते त्याला वाइनमधलं लोह कारणीभूत असतं. मासळीच्या तेलाशी त्याचा संयोग झाला की तोंडात उग्र, धातूसारखी चव पसरते. बांगडा, तारली, सुकट आणि सुके बोंबील यांच्याबरोबर तर हे हमखास होतं.

सोलकढीही बरोबर घेऊ नका, नारळाचं दूध आणि कच्चा लसूण दोन्ही वाइनला पोकळ करतात. ती जेवणाच्या शेवटी, वाइन संपल्यावर.

खरी जोडी सुक्या मटणाची, पण मसाला थोडा बदलून. चार माणसांसाठी असं करा. हाडासकट ७५० ग्रॅम मटणाला दीड चमचा मीठ, अर्धा चमचा हळद, दीड मोठा चमचा आलं-लसूण लावून तासभर ठेवा. एक कांदा बारीक चिरून तेलात परता, मटण घालून पाणी सुटून आटेपर्यंत भाजा, वाटीभर गरम पाणी घालून कुकरला चार-पाच शिट्ट्या करा. तोवर दोन उभे चिरलेले कांदे आणि ६० ग्रॅम किसलेलं सुकं खोबरं वेगवेगळं भाजा. खोबरं मंद आचेवर, बदामी होईपर्यंत. काळं पडलं तर त्याचा कडूपणा टॅनिनला जाऊन मिळतो आणि सगळी वाइन कडू लागते. हीच चूक सर्वांत जास्त होते. त्यातच एक चमचा धणे, अर्धा चमचा बडीशेप, सात-आठ मिरे, तीन लवंगा आणि दगडफुलाची एक पाकळी गरम करून सगळं कमी पाण्यात वाटा.

मालवणी मसाला नेहमीच्या निम्मा घाला, दीड मोठा चमचा. रंगासाठी एक चमचा ब्याडगी मिरचीची पूड. तिखट कमी केलं तरी मिरे आणि दगडफूल कमी करू नका, वाइनमधल्या मिरी-मातीच्या वासाला तेच हात देतात. वाटण, मसाला आणि मटण एकत्र करून तेल सुटेपर्यंत आटवा. शेवटी दोनच आमसुलं. ताटातला आंबटपणा वाइनपेक्षा वर गेला की वाइन पाणचट लागते. साखर-गूळ अजिबात नको, गोडानं वाइन आंबट आणि कडू होते. ओलं खोबरंही त्याच कारणानं नको, भाजलेलं सुकं मात्र हवंच.

वाढण्यापूर्वी एक घास, लगेच एक घोट घेऊन बघा. घसा जळला तर चमचाभर तूप मिसळा. वाइन फार तुरट लागली तर चिमूटभर मीठ घाला, मीठ तुरटपणा मऊ करतं. बरोबर वडे किंवा तांदळाची भाकरी.

शाकाहारी ताटाला काळ्या वाटाण्याचं सांबारं सगळ्यात चांगलं, त्यातलं भाजकं वाटण याच वाइनसाठी केल्यासारखं असतं. कच्च्या फणसाची मसाल्याची भाजीही चालते. पावसाच्या सुरुवातीला बाजारात अळंबी आली तर कांदा, मिरी आणि लसूण एवढ्यावरच परता. ओल्या काजूची उसळ गोडसर असते, ती करायची तर नारळाचं दूध न घालता भाजक्या वाटणातली करा.

उरलेली बाटली

तीस अंशांत उघडी राहिलेली वाइन दुसऱ्या रात्री मंद पडते आणि तिसऱ्या दिवशी शिरक्याकडे वळते. चिलटं तर तासाभरातच जमतात. म्हणून जेवायला बसण्यापूर्वीच ठरवा. अर्धीच लागणार असेल तर उघडल्या उघडल्या उरलेली ३७५ मिलिलीटरच्या स्वच्छ बाटलीत काठोकाठ भरा, घट्ट झाकण लावा आणि फ्रिजमध्ये ठेवा. आत हवा जवळजवळ नसल्यानं ती चार-पाच दिवस चांगली राहते. शेवटचा अर्धा पेला उरला तर मटणाला मीठ-हळद लावतानाच घाला. शिजत आलेल्या मटणात ओतला तर त्याचा कच्चा आंबटपणा तसाच राहतो.